खडखडी फरशी

सोमवार, ६ जानेवारी

त्याच हॉलचं काम आलंय! आमच्या शाळेच्या! फोन ठेवला तोवर चहा उतू जाऊन गॅस विझला होता, मला पत्ताच नाही.

पुण्याहून आरती म्हणून इंजिनियर बोलत होती. आवाज पोरीसारखा, बोलणं पक्कं. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याची पुण्यात मोठी कंपनी आहे, तो सगळी डागडुजी करून देणार आहे. अट एकच — इमारतीला हरित इमारतीचं सर्टिफिकेट मिळालं पाहिजे. जुनं सामान जितकं जागेवर राहील तितके मार्क जास्त. "ताई, दगडी फरशी तुम्हीच करायची. जुन्नरमध्ये ज्याला विचारलं त्यानं तुमचंच नाव सांगितलं."

सांगतील नाहीतर काय करतील! दुसरं कुणी उरलंय कुठं? टाइल्सवाले मात्र गल्लीगल्लीत.

ती फरशी माझ्या अब्बांनी घातलीय, हे तिला बोलले नाही. का बोलले नाही कोण जाणे.

बुधवार, ८ जानेवारी

गोकुळला घेऊन हॉल बघून आले. गोकुळ तळेघरचा. आमच्या घिसाईच्या मशीनवर अठरा वर्षं आहे, आमच्या ह्यांच्या वेळेपासून. हे गेले तेव्हा सगळे म्हणाले, मशीन विकून टाक. हा एकटा म्हणाला, "भाभी, मशीन मी धरतो, गिऱ्हाईक तुमी धरा." अजून तसंच चाललंय.

चपला बाहेर काढून आत गेले. पायाला तोच गारवा! उन्हाळ्यात मधल्या सुट्टीत आम्ही पोरी पोटावर पालथ्या पडायचो इथं, गाल दगडाला टेकवून. बाई ओरडेपर्यंत उठायचं नाही. गालावर छिन्नीच्या खुणा उमटायच्या, त्या एकमेकींना दाखवायच्या.

चारशे बारा फरश्या. काळा दगड, एकेक हातानं घडवलेली. बहात्तरच्या दुष्काळातलं काम. मी दोन वर्षांची होते. अम्मी सांगायची — दिवसभर दगड घडवून अब्बा संध्याकाळी कामावर मिळालेली सुकडी घेऊन यायचे आणि मी त्यांच्या हातातला डबा सोडायचेच नाही.

स्टेजच्या बाजूनं फरशी खचलीय. वरची पन्हळ फुटून वर्षानुवर्षं पाणी मुरलंय. तिकडच्या शंभरेक फरश्या उचलायच्या, खालचा थर सारखा करायचा, परत त्याच फरश्या त्याच जागी बसवायच्या. आरतीनं नियमांचा कागद दिला. सिमेंट नाही, चुनाच. अ‍ॅसिड नाही. उग्र वासाचं पॉलिश नाही. घिसाईचं पाणी पिंपात निवळवून परत वापरायचं. मोडका तुकडासुद्धा फेकायचा नाही, रजिस्टरला लिहायचा. मला हसू आलं. अब्बा हेच सगळं करायचे तेव्हा लोक म्हणायचे, वजीर मिस्त्री चिकट आहे!

आणि शाळा कमिटीचा अध्यक्ष कोण? बाळ्या! आता बाळासाहेब. द्राक्षाची बाग, पांढरे कपडे, डोळ्यावर गॉगल. आठवीत माझ्या मागच्या बाकावर बसायचा. दारातूनच ओरडला, "काय आमिना, तुमची ती खडखडी हाय का गं अजून?"

चाळीस वर्षं झाली. विसरला नाही मेला!

स्टेजच्या पायरीला लागून एक फरशी होती. पाय पडला की खडखड वाजायची. बाकी सगळ्या गप्प, ही एकटी बोलायची. प्रार्थनेला जाताना बाळ्या मुद्दाम तिच्यावर उडी मारायचा आणि ओरडायचा, "खडखडे मिस्त्री! खडखडे मिस्त्री!" मग सगळा वर्ग ओरडायचा. मी मिस्त्रीची पोरगी. कान लाल करून उभी.

बाळ्याला टाइल्स हव्यात. "चकाचक, पुसायला सोप्या. हे काळं काय ठेवायचं?" आरती म्हणाली, आधी फरशी निघते का ते बघू. तो म्हणाला, बघा.

शनिवार, ११ जानेवारी

अब्बांना सांगितलं. वय चौऱ्याऐंशी. ऐकू कमी येतं, आठवण येऊन जाऊन असते. सकाळी मला अम्मीच्या नावानं हाक मारतात, दुपारी विचारतात मशीनचा पट्टा बदलला का. पण हॉल म्हटल्यावर सावरून बसले.

"काढणार फरशी?"

"थोडी. स्टेजकडची."

"मोडशील."

एवढं बोलून डोळे मिटले. मोडशील म्हणे! इतकी वर्षं हेच करतेय मी. राग आला. बशी जरा जोरातच आपटली.

त्यांनी घातलेल्या बाकीच्या फरश्या गेल्या सगळ्या. पेठेतली दुकानं, नदीकाठचे दोन बंगले, बोरीच्या एका पाटलांचं घर — सगळीकडे वरून टाइल्स ठोकल्या, नाहीतर उखडून टाकल्या. ही एकच उरलीय. ही गेली तर अब्बांच्या हातचं जगात काही नाही. माझ्याशिवाय! आणि मी कसली नीट घडलेय.

सोमवार, १३ जानेवारी

तीन काढल्या, तीन मोडल्या.

पहिली मोडली तेव्हा म्हटलं दगडच कच्चा असेल. दुसऱ्या वेळी गोकुळनं पहार अगदी हळू लावली, तरी कोपरा कट्‌कन गेला. तिसरी मी स्वतः धरली. उभी चीर गेली मधोमध. "भाभी, दगुड लई हट्टी हाय. खालनं कुणी धरून ठिवल्यावानी करतंय," गोकुळ म्हणाला. खरंच तसं वाटत होतं.

बाळ्या कमिटीच्या चौघांना घेऊन नेमका तेव्हाच आला. तुकड्यांकडे बघितलं. मोठ्यानं हसला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, "आमिना, सत्तावीस तारखेला मीटिंग हाय. त्या दिवशी आमच्यासमोर एक फरशी अख्खी काढून दाखव. निघाली तर तुझी फरशी राहिली. मोडली तर टाइल्स. मग कुणी काय बोलायचं न्हाई." आरती काही बोलू बघत होती, मीच तिला थांबवलं. बोलण्यासारखं काय होतं? तीन मोडल्या ना!

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. गोकुळच्या बायकोनं तीळगूळ पाठवला. गोड बोला म्हणे. कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

बुधवार, १५ जानेवारी

मोडक्या फरशीचा कोपरा पिशवीत घालून घरी आणला आणि अब्बांच्या मांडीवर ठेवला. बघू काय म्हणतात. त्यांनी बोटं फिरवली कडेवर. चेहराच बदलला! दहा वर्षांत एवढे सरळ बोलले नव्हते.

"मधनं घुसलीस व्हय? तिरपी कड हाय ना ही. हिची कड हिच्या शेजारणीच्या कडेखाली. तिची पुढच्या फरशीखाली. मधलीला उचकटलं तर शेजारीण सोडंल का? उलटी चाल धरायची. जी शेवटी बसवली ती सगळ्यांच्या वर. तिथनं सुरू कर. मग एकेक सुटत येती, विणलेलं उसवावं तशी."

मी म्हटलं, आणि शेवटची कशी काढायची? ती पण चुन्यात बसलेली असणार.

माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अजून शाळेत आहे आणि पाढा चुकले.

"शेवटची चुन्यात बसवायची नसती. वाळूवर नुसती ठेवायची, मोकळी. आपल्यामागनं कुणी दुरुस्तीला यील, त्याला दार नको का? माझ्या बापानं मला शिकवलं, मी सगळीकडं तसंच ठेवलं. तवा हेडमास्तरला सांगितलं बी व्हतं. हसला तो." मग माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "खडखड वाजती बघ ती. पायरीपाशी. तिच्यापासनं सुरू कर."

मी पाणी आणायला म्हणून आत गेले. बराच वेळ बाहेर आलेच नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

ती आता वाजत नाही. का वाजत नाही ते मला माहीत आहे. लिहवत नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

लिहिते. अब्बांना शेजारचे नौशादभाई जुम्म्याच्या नमाजाला घेऊन गेलेत, घरात कुणी नाही.

आठवीची दिवाळीची सुट्टी लागायची होती. त्याच्या आदल्या आठवड्यात बाळ्यानं फार छळलं होतं. गॅदरिंगची तालीम हॉलमध्ये, मी गाण्यात पुढच्या रांगेत. मधेच त्यानं खडखड वाजवली. बाई पण हसल्या! पोरं हसली त्याचं एवढं नाही. बाई हसल्या.

सुट्टी लागली त्या संध्याकाळी शेजारच्या खालांच्या बांधकामावरून माझ्या डब्यात सिमेंट भरून घेतलं. अब्बांची लहान थापी घेतली. हॉलला तेव्हा कुलूप नसायचं, नुसती कडी. सळईनं ती फरशी एका बाजूनं उचलून धरली. केवढी जड! बोट चेंगरलं. खाली सिमेंट कालवून ओतलं, जोडातही भरलं, वर उभी राहिले. गप्प बसली!

घरी येऊन थापी धुतली आणि होती तिथं ठेवली. अब्बा आयुष्यभर चुन्यात काम करणारे, त्यांच्या थापीला सिमेंट कधी लागलं नव्हतं. मी घासून घासून धुतली. ते काही बोलले नाहीत, म्हणजे कळलं नाही असं मी समजले. त्या सुट्टीत ते जरा गप्पच होते. सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली, कामाला चालत जायचे. पुढच्या चाकात हवा नव्हती. घरातली पंक्चर मीच काढायचे, माझं ठिगळ कायम तिरकं बसायचं आणि अब्बा हसायचे. म्हटलं काढू का पंक्चर? म्हणाले, राहू दे.

शाळा सुरू झाली. बाळ्यानं उडी मारली. आवाज नाही! परत मारली. नाही! त्याचं तोंड बघायला हवं होतं. मला वाटलं मी अब्बांची अब्रू राखली. एवढी वर्षं वाटत होतं. कधी मनातून उदास झाले की ते आठवून हसायचे मी. आणि मी काय केलं होतं? त्यांनी पुढच्या माणसासाठी ठेवलेलं दार सिमेंटनं बंद केलं. पुढचा माणूस मीच निघाले.

रविवार, १९ जानेवारी

हॉलवर जाऊन त्या फरशीवर उभी राहिले. टाचेनं ठोकलं. हूं की चूं नाही. कडेचे जोड काळे, नीट भरलेले. सिमेंटवर चाळीस वर्षांची धूळ-तेल बसलं की असंच दिसतं.

गोकुळला सांगावंच लागलं, हीच काढायची आहे पण खाली सिमेंट आहे.

"आयला! चुन्याच्या कामात सिमेंट? कोन गाढव व्हता त्यो?"

"मी."

बिचारा एवढा वरमला की तासभर पिंपातलं पाणीच ढवळत बसला.

मंगळवार, २१ जानेवारी

आरतीला फोनवर सांगितलं सगळं. शाळेतलं, थापीचं, बाळ्याचं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही तेरा वर्षांच्या होतात."

हे काय उत्तर झालं? सिमेंटला वय कळतं का?

तिनं पुण्यात दोघातिघांना विचारलं म्हणे. सिमेंटवर बसलेली एवढी जुनी फरशी अख्खी निघायची आशा कमी. दुसरी कुठली काढून बघू का? नाही. दुसरी कुठली निघणारच नाही, सगळ्या तिच्याखाली अडकल्यात. हीच. आणि हीच मोडली तर बाळ्याच्या टाइल्स.

गुरुवार, २३ जानेवारी

"निघाली का?" अब्बा रोज विचारतात. बाकी सगळं विसरतात, एवढं विसरत नाहीत. जेवायला बसले तरी तेच, औषध देताना तेच.

आज सांगणार होते. पाय दाबत होते त्यांचे, तोंडापर्यंत आलं होतं. अब्बा, ती खडखडी मी बंद केली. तेवढ्यात ते म्हणाले, "तुझ्या हातानं निघू दे. दुसऱ्याच्या हाताला दिऊ नको." मग कसं सांगणार? पायच दाबत राहिले.

मी भित्री आहे. बाळ्याला भ्यायले, बाईंना भ्यायले, आता चौपन्नाव्या वर्षी म्हाताऱ्या बापाला भितेय.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनाला बोलावलं होतं, गेले. पोरांनी नंतर हॉलमध्ये जिलेबी खाल्ली. पाक सांडला फरशीवर. आमच्या वेळी बुंदीचा लाडू मिळायचा, तो मी अर्धा ओढणीत बांधून अब्बांना न्यायचे. ते म्हणायचे, फरशीवर सांडला नाहीस ना? आणि सांडलेला असला तरी मी नाही म्हणायचे.

एक चिमुरडी त्या फरशीवर बसून खात होती. तिला उठवलं नाही.

उद्या.

सोमवार, २७ जानेवारी

निघाली! अख्खी निघाली! एक कपची उडाली नाही!

नीट लिहिते. कमिटीचे पाच जण खुर्च्या टाकून बसलेले, आरती, गोकुळ, मुख्याध्यापिका. मी छिन्नी घेऊन खाली बसले. जोडात छिन्नी लावली, हलकी थाप मारली. वाटलं ठण्‌ वाजेल. नाही! भुसभुशीत भुगा निघाला. चिमटीत घेऊन बघितला — चुना, त्यात काजळी मिसळलेली. सिमेंट नव्हतंच! चारी बाजूंनी चुना. मला वाटलं मला भास होतोय. गोकुळनं पहारीचं टोक घातलं, मी हात लावला आणि फरशी वर आली. दुधावरची साय निघावी एवढी सहज.

खाली वाळू. स्वच्छ, चाळलेली. माझं सिमेंट कुठं गेलं? एक खडासुद्धा नाही! नुसते चार कोपऱ्यांत चार काळे तुकडे, रबरासारखे, मातीनं लडबडलेले. मागं कधीतरी कुणीतरी दुरुस्ती केली असेल, दुसरं काय. आरती म्हणाली मोडकं-तोडकंसुद्धा फेकायचं नाही, म्हणून ते पिशवीत टाकले.

मग शेजारची सुटली. मग तिची शेजारीण. अब्बा म्हणाले होते तसंच. सहा फरश्या काढल्या, सहाच्या सहा शाबूत. गोकुळ लहान पोरासारखा नाचायला लागला. आरतीनं मला मिठीच मारली, धुळीच्या हातांसकट.

बाळ्या उठून आला. गॉगल काढला. वाळूकडे बघत उभा राहिला. मी त्याला मोकळ्या फरशीचं सांगितलं, दाराचं, सगळं.

"म्हंजे मिस्त्रीनं मुद्दाम ठिवली व्हती?"

"मुद्दाम."

"आन्‌ आमी..." वाकून चिमूटभर वाळू उचलली. म्हणाला, "परत बसवशील तवा ही मोकळीच ठिवणार ना?"

"मोकळीच."

"खडखडू दे मग."

टाइल्सचा विषय संपला. मीटिंग चहावरच उरकली. घरी आले तर अब्बा झोपले होते, उठवलं नाही.

मंगळवार, २८ जानेवारी

सकाळी पिशवी झटकताना ते चार तुकडे पडले. नळाखाली धुतले. सायकलची ट्यूब होती, कापलेली. एका तुकड्यावर पंक्चरचं ठिगळ. तिरकं.

अब्बांच्या हातात दिला तो तुकडा. त्यांनी ठिगळावरून अंगठा फिरवला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "आता चिडवत न्हाईत ना गं पोरं?"